दीड लिटर इंजिनची पेट्रोल ऑटोमॅटिक पुण्यात लिटरला 9.8 किलोमीटर देते, मग गाडीत फॉल्ट आहे का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर कोणी वाचलं तर त्यालाही कळेल. 8 महिन्यांपूर्वी घेतलेली दीड लिटरची पेट्रोल ऑटोमॅटिक क्रॉसओव्हर, कंपनी सांगते 17 च्या वर, तुम्हाला कोथरूड ते हिंजवडी फेज 2 ह्या रोजच्या रूटवर 9.8 मिळतंय, मुंबईहून येताना 13.9 मिळालं, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात नॉर्मल आहे, सासऱ्यांची जुनी मॅन्युअल हॅचबॅक आरामात 16 देते, आणि मिसेस चालवतात तेव्हा अजून कमी म्हणजे 9.2 वगैरे येतं. विचारताय की गाडीत फॉल्ट आहे का, आणि विकून डिझेल किंवा हायब्रिड घ्यावी का.

पुण्यात माझं मल्टिब्रँड गॅरेज आहे, 23 वर्षं झाली, आणि "गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही" ही तक्रार दर आठवड्याला येते. सुरुवातीच्या काळात अशी गाडी आली की मी लगेच प्लग बदल, थ्रॉटल बॉडी साफ कर, इंजेक्टर क्लीनिंग कर असं सगळं करायचो. एका गृहस्थांची गाडी दोनदा अशी उघडली, त्यांचे बरेच पैसे गेले आणि अ‍ॅव्हरेज होतं तिथंच राहिलं. शेवटी मी आठवडाभर सकाळी त्यांच्याबरोबर गाडीत बसून गेलो तेव्हा कळलं की मुलीला शाळेत सोडायला 3 किलोमीटर, घरी परत, मग भाजी, मग क्लास, गाडी दिवसभरात एकदाही धड गरम होतच नव्हती. त्यांच्याकडून घेतलेले पैसे मी परत केले आणि त्यानंतर आधी रूट विचारतो, मग बॉनेट उघडतो. तुम्हालाही तेच विचारणार होतो पण तुम्ही रूट लिहिलाय ते बरं केलंत.

माझं मत सरळ सांगतो, तुमच्या गाडीत फॉल्ट असण्याची शक्यता कमी आहे. पण ते मी इथून बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्यासाठी दोन-तीन गोष्टी तुम्हाला बघाव्या लागतील, त्या पुढे लिहितो. आधी हे 9.8 येतं कुठून ते समजून घ्या.

कंपनीचा जो आकडा असतो तो रस्त्यावरचा नसतोच. गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या पद्धतीने चालवतात, सगळ्या कंपन्यांना तीच पद्धत. ही टेस्ट करणाऱ्या एआरएआय ह्या संस्थेचं ऑफिस तुमच्या कोथरूडलाच वेताळ टेकडीवर आहे. ती टेस्ट जेमतेम 20 मिनिटांची, कमाल वेग ताशी 90, सरासरी वेग साधारण 32, आणि एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, मध्येच घुसणारा रिक्षावाला नाही. त्यामुळे तो आकडा खोटा आहे असं मी म्हणणार नाही, दोन गाड्यांची तुलना करायला तो कामाचा आहे, पण तुमच्या खिशातून किती जाणार हे सांगायला तो बनवलेलाच नाही.

आता तुमचा रूट घ्या. कोथरूड, चांदणी चौक, बायपासने बावधन, सूस, बाणेर, वाकड आणि तिथून हिंजवडी, हे साधारण 18 किलोमीटर होतं आणि तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी 1 तास 10 मिनिटं लागतात. म्हणजे सरासरी वेग ताशी 15. इथेच निम्मं उत्तर आहे. तुमच्या एमआयडीवर, म्हणजे मीटरमधल्या छोट्या स्क्रीनवर, अ‍ॅव्हरेज स्पीड दिसतो, लोक तो कधी बघत नाहीत, पण मी गिऱ्हाइकाला किलोमीटर पर लिटरच्या आधी तोच आकडा विचारतो. माझ्या वहीतल्या नोंदींवरून सांगतो, ह्या साइजच्या पेट्रोल ऑटोमॅटिक गाड्या 15 च्या सरासरी वेगाला 9 ते 10 देतात, 25 ला 12 च्या आसपास, 40 ला 14-15, आणि 60-65 च्या सरासरीने हायवेला शांतपणे चालवल्या तर 17-18 सुद्धा देतात. गाडी तीच, माणूस तोच. तुमचं 9.8 ह्यात बरोब्बर बसतंय.

का बसतंय ते पण सांगतो, कारण नुसतं "ट्रॅफिकमुळे" म्हटलं की लोकांना वाटतं मेकॅनिक टाळतोय. एक म्हणजे उभं राहणं. एसी चालू असताना असं इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण 0.8 ते 1 लिटर पितं. तुमच्या 70 मिनिटांतली 25 मिनिटं जरी भूमकर चौक आणि शिवाजी चौक मिळून उभ्याने गेली तरी साधारण पावणेचारशे मिली पेट्रोल एक इंचही पुढे न जाता संपलं. 18 किलोमीटरला तुमचं एकूण 1.8 लिटर लागतंय, म्हणजे पाचवा हिस्सा तिथेच गेला.

दुसरं म्हणजे ब्रेक. आणि ह्याकडे कोणी बघतच नाही. 1400 किलोची गाडी शून्यावरून 40 ला न्यायला जी ताकद लागते ती पेट्रोलमधून येते, आणि तुम्ही ब्रेक दाबला की ती सगळी डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. मी हिशोब करून बघितला होता, एकदा 40 ला जाऊन परत पूर्ण थांबलं की साधारण 11-12 मिली पेट्रोल गेलं असं धरा, म्हणजे दोन-अडीच चमचे. संध्याकाळच्या एका फेरीत असं 40 वेळा होत असेल तर जवळजवळ अर्धा लिटर. हायब्रिड गाडी शहरात जास्त अ‍ॅव्हरेज देते ती ह्याच दोन ठिकाणी वाचवते, उभी असताना इंजिन बंद ठेवते आणि ब्रेकची ताकद बॅटरीत परत घेते. बाकी जादू काही नाही.

सासऱ्यांच्या गाडीशी तुलना मात्र सोडून द्या. ती 850-900 किलोची, तुमची रिकामी असतानाच 1250 च्या पुढे. तिचे टायर बारीक, तुमचे 215 चे रुंद, समोरून हवा अडवणारा भाग मोठा, आणि गाडी उंच. शिवाय ती सातारा-वाई रोडला 60-70 ने फिरते असं तुम्हीच लिहिलंय. तीच हॅचबॅक आठवडाभर हिंजवडीला न्या, 16 येणार नाही, 12-13 वर येईल.

मुंबईच्या 13.9 बद्दल. तुम्ही एकाच बाजूचं मोजलंत, आणि तेही चढाच्या बाजूचं. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास वर चढते आणि पुणंही उंचावरच आहे, त्यामुळे ती चढाई पुण्यापर्यंत बहुतेक सगळी उधारच राहते, मुंबईला उतरताना परत मिळते. 4 माणसं आणि सामान धरून 1600 किलो एवढं वर न्यायला पाऊण ते एक लिटर पेट्रोल जास्तीचं लागतं. दीडशे किलोमीटरला 13.9 म्हणजे 10.8 लिटर, त्यातला तो लिटरभर बाजूला काढला तर आकडा 15 च्या वर जातो. म्हणून घाट असलेल्या रूटचं अ‍ॅव्हरेज नेहमी जाऊन-येऊन मोजायचं, मग तो बोरघाट असो नाहीतर तुमच्या गावाकडचा आंबोली किंवा कुंभार्ली.

आणि स्पीड. तुम्ही "एक्सप्रेसवेला नॉर्मल 110-120 ने" असं लिहिलंय. पहिली गोष्ट म्हणजे तिथे कारला 100 ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी, आणि गाडीत घरची माणसं आहेत. दुसरं, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 च्या ऐवजी 100 ने गेलात तर दर किलोमीटरला हवा दीडपटीहून जास्त अडवते, 120 ला सव्वादोन पट. क्रॉसओव्हर म्हणजे चपटी सेडान नाही, उंच आणि समोरून उभट, तिला हे जास्तच लागतं. 85-95 च्या मधे क्रूझ कंट्रोल लावून एकदा जाऊन-येऊन बघा, पुण्यापासून वाशीपर्यंत 15-20 मिनिटांचाच फरक पडतो.

आता मोजण्याचं, कारण तुमचा 9.8 हा आकडाच मला कच्चा वाटतोय. तुम्ही दोन हजाराचं टाकलं आणि काटा परत तिथे आल्यावर किलोमीटर बघितले, असं लिहिलंय. काटा एवढा अचूक नसतो, त्यात लिटर-दीड लिटरची चूक सहज होते, आणि 19-20 लिटरवर दीड लिटर चुकलं म्हणजे 9.8 चं 9.1 पण होईल आणि 10.6 पण होईल. एमआयडीवर 10.7 दाखवतंय म्हणता, एमआयडी बहुतेक गाड्यांत 5 ते 10 टक्के चढवून दाखवतं हा माझा अनुभव, त्यामुळे खरं अ‍ॅव्हरेज 10 च्या आसपास असावं. नीट मोजायचं तर टाकी फुल करा, पहिल्या ऑटो कटला, म्हणजे नोझल स्वतःहून बंद होईल तिथे, थांबवा, पंपावरचा मुलगा "राउंड फिगर करू का" विचारेल त्याला नाही म्हणा, ट्रिप बी (किलोमीटर मोजायचा दुसरा ट्रिप मीटर) शून्य करा, आणि टाकी पाव होईपर्यंत चालवून त्याच पंपावर त्याच नोझलला परत पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. एका वेळेच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, सलग 3 टाक्या करा आणि तिन्हीचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर असं काढा. तीन अ‍ॅव्हरेजचं परत अ‍ॅव्हरेज काढू नका, ते चुकतं. उदाहरण देतो, 100 किलोमीटर शहरात 9 ने आणि 100 हायवेला 16 ने गेलात तर 12.5 येत नाही, 200 किलोमीटरला 17.4 लिटर लागले म्हणजे 11.5 येतं. शहरातलं खराब अ‍ॅव्हरेज एकूण आकड्याला जास्त खाली ओढतं.

हे मोजून झाल्यावर सरासरी वेग 15-16 आणि अ‍ॅव्हरेज 9.5 ते 10.5 असेल तर गाडी ठीक आहे, घरी जा. पण जर ते 8 च्या खाली असेल, किंवा रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर 40 च्या सरासरी वेगाने सुद्धा 11 च्या वर जात नसेल तर मग शोधावं लागेल. अशा वेळी मी कुठे बघतो ते सांगतो.

आधी हवा. दारावरच्या स्टिकरवर जो आकडा लिहिलाय तेवढी, टायर थंड असताना. माझ्याकडे 33 च्या ऐवजी 26 वर चाललेल्या गाड्या किती येतात ह्याची गणती नाही, सेन्सर असला तरी तो बराच खाली गेल्यावरच बोंबलतो. मग ब्रेक. 10-12 किलोमीटर चालवा, शेवटचा किलोमीटर ब्रेक फार न दाबता गाडी सोडून द्या आणि उतरून चारही रिमजवळ हात न्या, हात लावू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागलं तर त्याचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) किंवा त्याची पिन जाम आहे, गाडी कायम ब्रेक दाबून चालल्यासारखी चालतेय. पुण्यातल्या पावसाळ्यानंतर हे बऱ्याचदा होतं आणि नव्या गाडीतही होतं. तिसरं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह, तो उघडाच अडकला तर इंजिन कधी पूर्ण गरम होत नाही आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. वीसेक मिनिटं चालवूनही टेंपरेचरच्या कांड्या नेहमीपेक्षा कमी दिसल्या तर तिकडे बघायला सांगा. एअर फिल्टरबद्दल लोक फार बोलतात, इंजेक्शनच्या गाडीत तो थोडा मळला म्हणून अ‍ॅव्हरेज फारसं पडत नाही, पिकअप पडतो. बदला जरूर, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. आणि टायर बदलून मोठ्या साइजचे घातले असतील तर किलोमीटरच कमी पडतात, मग अ‍ॅव्हरेज कागदावर आणखी कमी दिसतं, तुमचे कंपनीचेच आहेत म्हणून तो विषय सोडतो. वरती कॅरियर लावलाय असं तुमच्या फोटोत दिसतंय, दिवाळीत गावाला गेल्यापासून तसाच असेल तर काढून ठेवा, हायवेला तो हवा अडवतोच.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्यामुळे अ‍ॅव्हरेज पडलं असं तुम्ही रागाने लिहिलंय, ते समजतं, पण आकडा नीट धरूया. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे 20 टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या मानाने ऊर्जा 6-7 टक्के कमी होते, आणि आधी जे 10 टक्क्याचं मिळत होतं त्याच्या मानाने 3-4 टक्के. नीती आयोगाच्या 2021 च्या रोडमॅपमध्ये सुद्धा जुन्या पद्धतीच्या चारचाकींना 6-7 टक्के आणि ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, ट्यून केलेल्यांना 1-2 टक्के तोटा धरला होता. म्हणजे तुमच्या 10 मधले फार तर पाऊण किलोमीटर त्याच्या नावावर टाका. 17 आणि 10 मधला सगळा फरक त्याच्यावर ढकलता येणार नाही. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकूनही अ‍ॅव्हरेज वाढत नाही, इंजिन त्यासाठी बनवलेलं असेल तरच उपयोग. टाकीत ओतायच्या बाटल्या, पाइपला लावायचे मॅग्नेट, ह्यावर एक रुपया घालवू नका.

चालवण्यात काय बदलता येईल? ऑटोमॅटिकमध्ये पुढची गाडी हलली की लगेच हलायचं आणि लगेच ब्रेक मारायचा ही सवय सर्वात महाग पडते. दोन गाड्यांचं अंतर सोडा आणि ब्रेक सोडून गाडीला स्वतः सरकू द्या, कोणी मध्ये घुसलं तर घुसू द्या, दोन-अडीच चमचे वाचले. स्टार्ट-स्टॉप (उभं राहिलं की इंजिन आपोआप बंद करणारी सोय) बंद करून ठेवलं असेल तर लांब सिग्नलसाठी चालू करा, मे महिन्यात एसीमुळे त्रास होतो तेव्हा बंद ठेवा, मीही ठेवतो. उन्हात उभी गाडी घेतली तर पहिली दोन मिनिटं काचा खाली करून गरम हवा घालवा आणि मग रिसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवत) एसी लावा. घाटात उतरताना न्यूट्रल अजिबात करू नका. गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, म्हणजे वाचत तर काही नाहीच आणि ब्रेक तापून फेल व्हायची भीती. बोरघाटात तापलेल्या ब्रेकच्या वासाने घाबरून कडेला थांबलेली कुटुंबं मी स्वतः बघितली आहेत, त्यामुळे ह्या एका बाबतीत मी गिऱ्हाइकाशी भांडतो सुद्धा.

एवढं सगळं करून 9.8 चं 11 झालं तर महिन्याला 1000 किलोमीटरला 102 लिटरचे 91 लिटर होतील. पेट्रोल सोयीसाठी 100 रुपये धरलं तर 1,100 रुपये महिन्याला. वाईट नाही, पण आयुष्य बदलेल असंही नाही.

मग विकावी का? डिझेल तर तुमच्या रूटसाठी घेऊच नका. बीएस-6 डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुराचा फिल्टर, असतो, तो काजळी साठवतो आणि मोकळ्या रस्त्यावर गरम झाला की जाळून टाकतो. हिंजवडीच्या रांगेत त्याला ती संधीच मिळत नाही, मग दिवा लागतो, गाडी माझ्यासारख्याकडे येते आणि वाचवलेलं डिझेल तिथे खर्च होतं. महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा जास्त आहे. महिन्याला 2000 किलोमीटर हायवे असता तर मी वेगळं बोललो असतो. हायब्रिड मात्र तुमच्याच रूटसाठी बनवल्यासारखी आहे. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचा कंपनीचा आकडा 27.97 आहे, माझ्याकडे येणारे लोक शहरात 18 ते 21 सांगतात. 19 धरलं तर महिन्याला 1000 किलोमीटरला 53 लिटर, म्हणजे तुमच्यापेक्षा 49 लिटर कमी, वर्षाला साधारण 59,000 रुपये. आकडा मोठा वाटतो, पण 8 महिन्यांची गाडी विकताना जो घाटा बसेल, वर नवीन गाडीचा रोड टॅक्स आणि इन्शुरन्स, ते सगळं भरून निघायला तुम्हाला 6-7 वर्षं लागतील. नवीन घेणाऱ्याने विचारलं असतं तर हायब्रिडच घ्या म्हटलं असतं. तुम्ही आहे तीच ठेवा.

राहिलं मिसेसचं 9.2. त्या चालवतात तेव्हा संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीतून निघतात आणि तुमच्या आकड्यात शनिवार-रविवारचं चालवणंही आहे, असं तुमच्याच लिहिण्यात आहे. दोन्ही आकड्यांशेजारी सरासरी वेग लिहून बघा, बहुतेक त्यांचा 14 असेल आणि तुमचा 18. त्यावरून घरात बोलाचाली झाली असेल तर ती आधी मिटवा. एक आठवडा संध्याकाळी तुम्ही त्यांना आणायला जा आणि परत येताना तुम्ही चालवा, ट्रिप बी शून्य करून. मग तीन टाक्यांचे आकडे, सरासरी वेग आणि चारही चाकांची हवा इथे टाका, 8 च्या खाली काही निघालं तर गाडी घेऊन या, चाकं उचलून बघतो, त्याचे पैसे नकोत.